हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, संध्याकाळी पोरांना घरातल्या घरात कसं खेळवता? (नागपूर, फ्लॅटवाले)

दोन_पोरांची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही मनीषनगरला राहतो, तिसरा मजला, टू बीएचके. मोठा सात वर्षांचा, दुसरीत आहे, आणि छोटीला नुकतीच चार पूर्ण झाली. उन्हाळ्यात पोरं घरात बसतात ते समजू शकते, आपला मे महिना कोणाला बाहेर निघू देतो, पण आमच्याकडे हिवाळ्यातही तीच गत झाली आहे आणि मला खरंच सुचत नाहीये काय करू.

मोठ्याची शाळा सकाळी नऊनंतर भरते (२०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग उशिरा झाले ना), झोप छान होते त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण मग घरी यायलाही साडेचार होतात. त्यात सध्या अधिवेशन सुरू आहे, मोर्चे, बंद रस्ते, बस कधी कधी सव्वापाचला येते. हातपाय धुऊन दूध-पोहे होईस्तोवर साडेपाच, आणि साडेपाचला बाहेर अंधार. खाली पार्किंगमध्ये खेळायचे तर गाड्यांना ओरखडे पडतात म्हणून सोसायटीने बंद केलं, रस्त्यावर कुत्री, बागेत डास. मी ऑफिसमधून सहाला पोचते, हे आठला. तोपर्यंत घरी सासूबाई असतात पण त्यांचे गुडघे दुखतात, त्या पोरांच्या मागे धावू शकत नाहीत, मग टीव्ही नाहीतर मोबाइल.

हे लिहायचं कारण म्हणजे परवा लिफ्ट बंद होती आणि आम्ही जिन्याने वर येत होतो, तर मोठा दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसला, दप्तर काढून ठेवलं आणि म्हणाला आई पाय दुखतात. सात वर्षांचं लेकरू! मला त्या पायरीवरच रडू आलं. आणि हाच मुलगा रात्री साडेनऊला पलंगावर उड्या मारत असतो, अकरापर्यंत झोपत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं वाचलं की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करायला हवं, आणि छोटीच्या वयाच्यांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० तरी जोरात. बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये हे कसं जमवायचं? महागडं सामान नको, घरात ठेवायला जागाच नाही. आणि खाली लोक राहतात तेही बघावं लागतं. तुमच्याकडे प्रत्यक्ष काय चालतं ते सांगा.

बेसा_रोडवाला

ताई राग नका मानू पण आपल्या नागपूरच्या थंडीत पोट्टे घरात कोंडायची गरज काऊन पडून राहिली? दुपारी मस्त ऊन असते, २७-२८ डिग्री, याहून चांगली हवा वर्षभरात कधीच नसते. २९ डिसेंबर २०१८ आठवते का, नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, सकाळी नळाच्या पाण्याला हात लावू वाटत नव्हता, त्या दिवशी बी आमचे पोट्टे दुपारी गच्चीवर पतंग घेऊन होते. कानटोपी घाला अन् सोडा बाहेर.

दोन_पोरांची_आई

दादा राग नाही, पण दुपारी ते शाळेत असतात आणि मी ऑफिसमध्ये. थंडीची भीती नाहीये मला, अंधाराची अडचण आहे. माझी बहीण पुण्याला असते, तिच्याकडे आपल्यापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा सूर्य मावळतो, तिची पोरं शाळेतून येऊन खेळून घेतात. आपण इतके पूर्वेला की पोरगं दूध पिईस्तोवर दिवस संपतो.

बेसा_रोडवाला

हे बरोबर बोलल्या. मी दुकानदार माणूस, दुपारी घरी असतो म्हणून माझं जमते, तुमचं वेगळं आहे. मग असं करा, शनिवार-रविवार दुपारी अकरा ते दोन काही झालं तरी गच्ची. क्लास नको, पाहुणे नको. ऊन पण मिळते हाडांना. आता संक्रांतीपर्यंत पतंग आहेच, फक्त कठडा नीट आहे का पाहून घ्या, एक मोठं माणूस वर पाहिजेच पाहिजे, अन् तो नायलॉन मांजा घरात सुद्धा आणू नका, साधा सूत आणा. बाकी पाच दिवसांचं इथले लोक सांगतीन.

चेसवाली_आई_प्रतापनगर

मी सांगते आमचं. माझी मुलगी आठची. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि त्या आठवड्यात अर्ध्या पोरांनी चेसचा क्लास लावला, आमचीनेही. अभिमान आहेच, आपल्या नागपूरची मुलगी ती. पण घरात काय झालं की शाळेत बसायचं, होमवर्कला बसायचं आणि आता चेसलाही बसायचं. मग एकदा मी झाडू मारत होते तर ही फरशीवर लंगडी घालत होती, विचारलं काय करतेय तर म्हणे घोडा चालतोय.

तेव्हापासून आमच्याकडे हा खेळ आहे. हॉलच्या फरशा दोन बाय दोनच्या, सोफा भिंतीला सरकवला की पाच बाय सहा फरशा मोकळ्या होतात, पट तयार. स्टीलच्या सात-आठ वाट्या कुठेही उलट्या ठेवायच्या. घोडा म्हणजे लंगडी घालत दोन फरशा सरळ आणि वळून एक, अडीच घर, पाय खाली टेकला की डाव दुसऱ्याचा. घोड्याच्याच चालीने जाऊन वाट्या उचलायच्या. उंट तिरका, दोन्ही पायांनी उड्या मारत. हत्ती सरळ पळत जाऊन भिंतीला हात लावून परत. लहानगीला हत्तीच करा, तिला अडीच घरं कळणार नाहीत पण पळायला आवडेल. वीस मिनिटांत माझी पोरगी स्वेटर काढून फेकते. मीही खेळते आणि माझा तर पाचव्या मिनिटाला श्वास फुलतो. एक सांगते, मी किचनमधून "खेळा गं" म्हटलं की हा खेळ दोन मिनिटांत बंद पडतो, मी फरशीवर उभी असले की चालतो. म्हणून कुकर आधी लावून ठेवते.

फुगेवाला_बाबा

फुगा. फक्त एक फुगा. खाली पडू द्यायचा नाही, हाताने नाही तर डोक्याने, कोपराने, गुडघ्याने. आवाज शून्य, टीव्ही फुटत नाही. फुटला तर तुकडे लगेच उचला, लहान लेकरं तोंडात घालतात आणि घशात अडकतं, तेवढं एक सांभाळा.

महालचे_पीटी_सर

ताई, मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आता निवृत्त आहे, नातवंडं सांभाळतो. तुमचा जिन्याचा प्रसंग वाचून वाईट वाटलं पण घाबरू नका, या वयाचं लेकरू तीन-चार आठवड्यांत सुधारतं, मी शेकडो पाहिलेत. फक्त पायदुखी रोजच असेल, एकाच पायाला असेल किंवा लंगडत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

पहिली गोष्ट, सलग ६० मिनिटं शोधू नका. घरात सलग तासभर कोणतंही पोरगं खेळत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, शाळेत जाण्याआधी एक, आल्यावर एक, तुम्ही आल्यावर दोन, जेवणाआधी एक. शाळेत मधल्या सुट्टीत धावत असेल तर तेही धरा. हिशेब आपोआप लागतो.

दुसरं, "व्यायाम कर" हा शब्द घरात काढू नका. प्राण्यांच्या चाली घ्या. बेडूकउड्या, अस्वलासारखं चार पायांवर चालणं, आणि खेकडा. खेकडा म्हणजे बसून हात मागे टेकवायचे, कंबर उचलायची आणि पोट वर करून चालायचं. आता संत्र्यांचे दिवस आहेत, पोरांच्या पोटावर एक संत्रं ठेवा आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खेकडा चालवा. पडलं की परत पहिल्यापासून, पोचलं तर ते संत्रं त्याचं. दिसायला खेळ आहे पण खांदे, दंड, पाठ, मांड्या सगळं कामाला लागतं. कंबर खाली गेली की संत्रं घरंगळतं, त्यामुळे तुम्हाला "नीट कर" असं ओरडावं लागत नाही, संत्रंच सांगतं. हाडं-स्नायू बळकट करणारं असं काही आठवड्यातून तीन दिवस तरी व्हायला हवं, ते यातून होतं, जिम-बिम काही लागत नाही.

तिसरं सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी घरोघरी पोचवले, आणि आता रथसप्तमीला शाळाशाळांतून घालतात. घरी सुरुवात तीनने करा, बाराचा आग्रह नको. घाई झाली की मुलं पोट जमिनीवर सोडून देतात आणि कंबरेतून वाकतात, तिथे लक्ष ठेवा, हळू घातलेले तीन हे धावत घातलेल्या बारापेक्षा केव्हाही बरे. पोट रिकामं हवं, दूध-पोहे खाल्ल्याखाल्ल्या नको.

चौथं आणि मला सगळ्यात प्रिय म्हणजे लेझीम. २६ जानेवारी जवळ येते आहे, शाळेत सराव सुरूच असेल. चार आवाज, आगे फलांग, पीछे फलांग, एवढे तीन प्रकार मुलाला आले तरी पुरे, तो घरी येऊन छोटीला शिकवेल. शिकवणारं पोरगं दुप्पट नाचतं हे मी आयुष्यभर पाहत आलो. लेझमीचा आवाज होतो म्हणून संध्याकाळी साडेसातच्या आत उरका, किंवा खणखणणाऱ्या चकत्यांवर जुना सुती रुमाल गुंडाळा, ताल हातात राहतो आणि आवाज कमी होतो.

फुगडीबद्दल एक महत्त्वाचं. दोघं भावंडं मिळून फुगडी घालतील, घालू द्या, पण छोटीला हाताला धरून गरागरा फिरवणं, उचलणं, झटका देऊन ओढणं अजिबात नको. पाचच्या आतल्या लेकरांचं कोपर ओढल्याने सरकतं. माझ्या नातीचं झालं होतं, लग्नघरात कुणीतरी लाडाने हात धरून झोका दिला, हात लुळा ठेवून रडत राहिली. डॉक्टरांनी एका मिनिटात बसवलं, पण तो एक मिनिट मी विसरलेलो नाही.

दोरीवरच्या उड्या उत्तम, पण त्या गच्चीवर. दोरी विकत घेताना दोरीच्या मधोमध दोन्ही पाय ठेवून उभं करायचं, मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. लांब दोरी असली की पोरं अडखळतात आणि मग "मला येत नाही" म्हणून सोडून देतात. घरात खेळताना मोजे काढायचे, फरशीवर मोजे म्हणजे पडणं ठरलेलं. पाय गार पडतात म्हणाल तर दोन मिनिटं जागेवर पळू द्या, आपोआप ऊब येते.

आपल्याकडे थंडी हा तालमीचा मोसम. डिंकाचे लाडू उगाच नाही करत या दिवसांत. लाडू खाऊन सोफ्यावर बसलं तर ते लाडू वायाच गेले.

दुसऱ्या_मजल्यावरची

मी खालच्या बाजूने लिहिते, म्हणजे जिच्या डोक्यावर पोरं खेळतात ती. माझे मिस्टर हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहेत, रात्रपाळी असली की संध्याकाळी झोपलेले असतात. वरच्या घरातून येणाऱ्या आवाजात सगळ्यात त्रासदायक म्हणजे चेंडूचा टप्पा आणि फर्निचर ओढणं. पळण्याचा आवाज येतो पण तो धडधड असा येतो आणि जातो, चेंडू मात्र टक टक टक डोक्यात बसतो. तुम्ही सोफा रोज सरकवणार असाल तर त्याच्या पायांना जुन्या चादरीचे तुकडे बांधा, आणि चेंडू मोज्यांचा करा, चार मोजे एकात एक गुंडाळून.

गेल्या वर्षी आमच्या वरच्या ताई स्वतः खाली आल्या, लेकीला कडेवर घेऊन, आणि विचारलं की कोणती वेळ चालेल. आम्ही रात्रपाळीचं कॅलेंडरच दिलं त्यांना, त्या फ्रिजवर लावतात. त्या आठवड्यात त्यांच्याकडे फुगा आणि सूर्यनमस्कार, बाकी आठवडे वाट्टेल तो गोंधळ. आधी मी मनातल्या मनात चिडायचे, आता कधी वरून आवाज नाही आला तर विचारते की लेकरू बरं आहे ना. तुम्ही एकदा खाली जाऊन बोलाच.

पंपवाल्या_मुलाचा_बाबा

इथे कोणाच्या मुलांना दमा किंवा सारखा खोकला असेल तर त्यांच्यासाठी लिहितो, प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठीही उपयोगाचं आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, दमा आहे. पहिली दोन वर्षं आम्ही त्याला हिवाळाभर बसवूनच ठेवलं, पळाला की खोकला, खोकला की आम्ही घाबरलो, की खेळ बंद. त्याने तो अजून कमजोर झाला. मग डॉक्टरांनीच रागावून सांगितलं की दमा असलेल्या मुलाने खेळलंच पाहिजे, फक्त पद्धत सांभाळा.

थंड आणि कोरडी हवा तोंडाने जोरात आत गेली की श्वासनलिका आकसतात, म्हणून दहा मिनिटं हळूहळू सुरुवात, चालणं, हात फिरवणं, नाकाने श्वास, मग जोरात. आणि एकदम थांबायचंही नाही. आम्हाला डॉक्टरांनी खेळण्याआधी पंप घ्यायला सांगितलाय, पण ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि बेसावाल्या दादांना एक विनंती, बाहेर पाठवा पण अगदी पहाटे नको. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसून राहते, रात्रीच्या शेकोट्या, जाळलेला कचरा, गाड्या, सगळा धूर त्या थरात अडकतो, ऊन चढून हवा तापली की वर जातो. सकाळी सहा-सातला फिरायला नेऊन आम्ही मुलाचं नुकसान करत होतो, आम्हाला वाटायचं शुद्ध हवा. तुम्ही सांगितलेली अकरानंतरची वेळ एकदम बरोबर.

घरात खेळवायच्या आधी गाद्या-सतरंज्या झटकून घ्या, तीही बाहेर नेऊन, धुळीने आमच्याकडे फार त्रास व्हायचा. आणि पाणी! थंडीत पोरं तहान लागली म्हणतच नाहीत, खेळून झालं की आपणच कोमट पाण्याचा ग्लास हातात द्यायचा.

बेसा_रोडवाला

हे धुराचं माहीत नव्हतं बाप्पा. मी पहाटे साडेपाचला दोघांना घेऊन पळायला जायचो, उद्यापासून बंद, नऊनंतर नेतो.

दोन_पोरांची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये छोटी तापाने आजारी होती.

सगळ्यात आधी खाली जाऊन बोलले. खाली एक आजी-आजोबा राहतात, ते म्हणाले साडेसातपर्यंत काही करा, त्यानंतर त्यांची पोथी असते. इतकी साधी गोष्ट मी दोन वर्षं विचारली नव्हती.

सहाला आल्यावर पर्स ठेवते आणि सरळ फरशीवर. आधी मी चहा घेऊन मग बघू असं करायचे, तोपर्यंत मोबाइल हातात गेलेला असायचा आणि मग तो काढून घेताना रडारड. आता चहा पावणेसातला. पहिल्या दिवशी खेकड्याने दोन पावलांत संत्रं पाडलं, अकरा वेळा पाडलं, मी मोजलं. चौथ्या दिवशी दरवाज्यापर्यंत गेला, आणि ते संत्रं त्याने स्वतः सोलून अर्धं आजीला नेऊन दिलं. छोटी खेकडा करत नाही, ती पोटावर संत्रं ठेवून नुसती झोपते आणि मला पडलं नाही म्हणते. तिला फुगा आणि हत्ती. घोड्याची अडीच घरं मला जमत नाहीत अजून, मोठा मला आऊट करतो आणि त्याला त्याचाच जास्त आनंद आहे.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. त्या पलंगावर बसून बघायच्या, एक दिवस म्हणाल्या मी झिम्मा घेते बसूनच, आणि टाळ्यांचा ताल धरून गाणी म्हणायला लागल्या, त्यांच्या माहेरची, आर्वीकडची, मी लग्नाला दहा वर्षं झाली तरी कधी ऐकली नव्हती. दोघं पोरं त्यांच्या तालावर गोल फिरतात. त्या तालाचा वेग वाढवत नेतात आणि पोरं धडपडतात. दुपारी शाळेतून आल्यावर आता आजीच विचारते, चला, गाणं म्हणू का.

सगळं छान चाललंय असं नाही. बुधवार-गुरुवार मला ऑफिसात उशीर होतो, त्या दोन दिवशी मोबाइलच असतो. हे आठला येतात तेव्हा दमलेले असतात, त्यांच्याकडून फक्त रविवारची गच्ची घेतलीये, ती मात्र दोन्ही रविवारी झाली. रात्री झोप दहाला लागते, अकरावरून दहा, मला तेवढंही खूप आहे. लिफ्ट काल परत बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत न बसता आला, पण दप्तर माझ्याकडे दिलं होतं.

सर, लेझीम कुठे मिळेल? आमच्याकडच्या खेळाच्या दुकानात बॅट आणि रॅकेटशिवाय काही नाही. आणि सात वर्षांच्या मुलाला मोठी घ्यायची की छोटी येते?

महालचे_पीटी_सर

वा ताई, वाचून फार बरं वाटलं. आमच्या महालात या, शाळेच्या बँडचं आणि कवायतीचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे मिळेल, २६ जानेवारीच्या आधी या, नंतर माल संपतो. छोटी येते, तीच घ्या, पण मुलाला सोबत आणा आणि त्याच्या हातात देऊन बघा. हात सरळ पुढे करून दहा अंक मोजेपर्यंत धरता आली पाहिजे, खांदा खाली यायला लागला तर ती जड आहे, हलकी मागा. दांड्यावर कूस निघालेली नाही ना तेही बोट फिरवून बघा.

दोन_पोरांची_आई

शनिवारी येतो दोघं. छोटीपण येणार म्हणतेय, तिला पण एक हवी आहे.